विभीषण खरं बोलतोय कशावरून?

॥ श्रीराम ॥

आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, युद्धकांड, सर्ग १७ ते १९

काल आपण विभीषणाला रावणाच्या सभेतून उठून जाताना पाहिलं. आज तो समुद्र ओलांडून उत्तर तीरावर पोचला आहे. बरोबर चार राक्षस. तो खाली उतरत नाही, आकाशातच थांबतो आणि मोठ्याने आपली ओळख सांगतो. त्यात लपवाछपवी काही नाही. ज्याने सीतेला पळवून नेलं, जटायूला मारलं, त्या रावणाचा मी धाकटा भाऊ. सीतेला परत पाठव म्हणून त्याला परोपरीने समजावलं, त्याने माझा अपमान केला. बायकामुलं मागे ठेवून रामाला शरण आलोय, आत कळवा.

हे सर्ग शरणागतीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. श्रीवैष्णव परंपरा तर अख्ख्या रामायणालाच शरणागतीचा ग्रंथ मानते. पण या वेळी वाचताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं. राम निर्णय देतो तो शेवटी. त्याच्या आधी वाल्मीकींनी बराच वेळ एका चौकशीला दिला आहे. एक परका माणूस दारात येतो, म्हणतो मला आत घ्या. त्याचं बोलणं खरं कशावरून मानायचं?

हाच प्रश्न आज कितीतरी देशांच्या सरकारी कचेऱ्यांत रोज उभा राहतो. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटात असणं यामुळे छळ होण्याची साधार भीती ज्याला आहे, त्याला पुन्हा त्या छळात ढकलायचं नाही, असं करार मानणाऱ्या देशांनी कबूल केलं आहे. (भारत त्या करारात नाही.) अमेरिकेत याला असायलम म्हणतात, ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसा. नावं वेगळी, अडचण एकच. जो छळातून पळतो तो छळणाऱ्याकडून दाखला घेऊन येत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा मोठा पुरावा म्हणजे त्याचं स्वतःचं बोलणं, आणि समोरच्या अधिकाऱ्याला ठरवायचं असतं की हा खरा की खोटा.

आता रामाच्या छावणीत परत जाऊ.

सुग्रीव पाहताक्षणी म्हणतो, हा शत्रूचा माणूस आहे, हेर असेल, मारून टाका. आपल्याला तो उतावळा वाटतो. पण जरा थांबा. पंचवटीत काय झालं होतं? दारात भिक्षा मागायला आलेला संन्यासी रावण निघाला. त्याच्या आधी सोन्याचं हरीण मारीच निघालं. या सगळ्या युद्धाची सुरुवातच एका खोट्या वेषावर विश्वास ठेवण्यातून झाली आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पीत असेल तर त्याला मूर्ख कसं म्हणणार?

आजही खोटे दावे होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ साली ऑस्ट्रेलिया सरकारने स्वतःच कबूल केलं की प्रोटेक्शन व्हिसाच्या रांगेचा गैरफायदा घेतला जातोय. निकाल लागायला वर्षं जातात, तोपर्यंत देशात राहता येतं, अनेकांना कामही करता येतं, म्हणून न टिकणारा अर्जसुद्धा टाकून ठेवायचा. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते खऱ्या निर्वासिताचं, कारण रांग त्याच्याच पुढे वाढते.

सुग्रीवाची एक गोष्ट मात्र टोचते. हा स्वतः कोण? सख्ख्या भावाने हाकलून दिलेला, ऋष्यमूक पर्वतावर जीव मुठीत धरून राहिलेला. रामाने हात दिला म्हणून आज राजा आहे. तोच आता विचारतो की जो संकटात भावाला सोडून येतो तो पुढे कोणाला सोडणार नाही? आधी आत शिरलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी दार लावून घेतो. लोकलच्या डब्यापासून देशांच्या सीमांपर्यंत हे सगळीकडे दिसतं.

राम सगळ्यांना मत विचारतो. अंगद म्हणतो, गुणदोष तोला, दोष जास्त निघाले तर सोडून द्या. शरभ म्हणतो, हेर लावून माहिती काढा. जांबवान म्हणतो, हा भलत्या जागी, भलत्या वेळी आलाय, तेव्हा शंका घ्यायलाच हवी. मैंद म्हणतो, गोडीने, हळूहळू प्रश्न विचारत जा. आजच्या निर्वासित कचेरीची जवळजवळ सगळी कार्यपद्धत इथे आली : देशातल्या परिस्थितीची माहिती, मुलाखत, विसंगतींची यादी, आणि 'इतके दिवस का नाही बोललास?' हा प्रश्न.

मग हनुमान बोलतो. बाकीच्यांचा मान ठेवून, पण एकेका पद्धतीची मर्यादा दाखवत. हेर लावायचा तो लांबच्या माणसावर, हा तर समोर उभा आहे. गुणदोष कळायला माणसाबरोबर काम करावं लागतं, उभ्याउभ्या ते कळत नाहीत. वेळेचं म्हणाल तर त्याच्यासाठी हीच वेळ योग्य आहे. आणि एकदम प्रश्नांचा भडिमार केला तर शहाणा माणूस बिचकतो, मित्र म्हणून आलेलाही बिघडतो.

हनुमानाचे हे मुद्दे आजच्या कचेऱ्यांनाही लागू पडतात. जांबवानाच्या वेळेच्या शंकेचंच बघा. ऑस्ट्रेलियात २०१५ च्या दुरुस्तीने तरतूद आली की अर्जाच्या वेळी न सांगितलेली गोष्ट अपिलात पहिल्यांदा सांगितली आणि उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं नाही, तर ट्रिब्यूनलने त्याविरुद्ध अनुमान काढावं. वरवर हे रास्त वाटतं. पण काही गोष्टी पहिल्या दिवशी तोंडातून निघतच नाहीत. बलात्कार झालेली बाई, अनोळखी पुरुष अधिकारी, मध्ये आपल्याच गावाकडचा दुभाष्या. ती काय सांगणार? समलिंगी असल्यामुळे छळ झालेल्या माणसाने आयुष्यभर जी गोष्ट जीव वाचवण्यासाठी लपवली, ती तो विमानतळावरच्या टेबलासमोर लगेच कशी उघडी करणार? २०१४ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशाच अर्जदारांच्या बाबतीत सांगितलं की पहिल्या संधीला बोलला नाही एवढ्यावरून त्याला खोटा ठरवता येणार नाही.

विसंगतीचंही तसंच. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. दोन लॉगमधल्या नोंदी जुळल्या नाहीत तर कुठेतरी चूक आहे, हे आम्ही धरून चालतो. पण माणसाची आठवण म्हणजे लॉग नाही. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला होता. कोसोवो आणि बोस्नियाच्या ३९ निर्वासितांना त्यांच्या एकाच अनुभवाबद्दल काही काळाच्या अंतराने दोनदा विचारलं. या लोकांना ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तरी दोन वेळच्या सांगण्यात तफावत सर्रास होती, मुख्य घटनेपेक्षा आजूबाजूच्या तपशिलात जास्त. आणि ज्यांच्या मनावर आघाताचा परिणाम खोल होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तशी तफावतही वाढली. म्हणजे जो जास्त भाजला, तो जास्त खोटा दिसतो! असं असूनही अमेरिकेचा २००५ चा कायदा सांगतो की विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी ती विश्वासार्हतेविरुद्ध धरता येते.

श्रद्धेची परीक्षा तर याहून अवघड. धर्म बदलल्यामुळे किंवा वेगळा पंथ मानल्यामुळे जिवाला धोका आहे असं सांगणाऱ्याला अधिकारी धर्मग्रंथावर प्रश्न विचारतात. सण कोणते, आज्ञा किती, अमुक पुस्तकात काय आहे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याचं एक पत्र गाजलं. ख्रिस्ती झालेल्या एका इराणी माणसाने सांगितलं होतं की हा धर्म शांतीचा वाटला म्हणून मी तो स्वीकारला. खात्याने बायबलमधली हिंसेची वर्णनं शोधून काढली आणि तुझं म्हणणं विसंगत आहे असं त्याला कळवलं. टीका झाल्यावर ते पत्र धोरणाला धरून नव्हतं असं खात्याला म्हणावं लागलं, आणि अर्जाचा फेरविचार झाला. पण मी विचार करतो, माझ्या आजीला कोणी विचारलं असतं की युद्धकांडात सर्ग किती? तिला सांगता आलं नसतं. जन्मभर रामाचं नाव घेतलेली बाई त्या परीक्षेत नापास झाली असती, आणि आकडा पाठ करून आलेला कोणीही पास झाला असता.

आता थोडा अवघड भाग. हनुमान शेवटी कशाचा आधार घेतो? चेहऱ्याचा. म्हणतो, याच्या बोलण्यात मला कपट दिसलं नाही, चेहरा प्रसन्न आहे, मनात काळंबेरं असलेला असा बेधडक येत नाही, आतलं शेवटी चेहऱ्यावर येतंच. इथे आपण अडखळतो, कारण आज आपल्याला माहीत आहे की चेहऱ्यावरून खोटं ओळखणं माणसाला जमत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली या विषयावरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. त्यातही वेगळ्या देशाचा माणूस, मध्ये दुभाष्या. एकाच्या संस्कृतीत खाली मान घालणं म्हणजे आदर, दुसऱ्याच्या संस्कृतीत तेच लपवणं.

मग हनुमान चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याच्याकडे आणखी एक आधार होता. सुंदरकांड आठवा. रावणाने त्याला मारायचा हुकूम दिला तेव्हा दूताला मारू नये असं रावणाला सांगणारा हा विभीषणच होता, आणि हनुमान तिथे बांधलेल्या अवस्थेत हजर होता. शिवाय तो आपलं मत सांगून थांबतो, निर्णय रामावर सोडतो. आपल्याला जे दिसलं त्याला तो शेवटचा शब्द मानत नाही.

आणि राम? त्याने हनुमानाचं ऐकलं, त्याला बरंही वाटलं. पण तो चेहऱ्याबद्दल काही बोलत नाही. तो प्रश्नच बदलतो.

पहिली गोष्ट तो म्हणतो, त्याला राज्य हवं असेल, मग काय झालं? एकाच कुळातले लोक एकमेकांना घाबरतात, सगळे भाऊ भरतासारखे नसतात. म्हणजे विभीषणाचा हेतू शंभर टक्के शुद्ध असायला हवा, अशी अटच राम घालत नाही. जिवाची भीतीही खरी, राज्याची इच्छाही खरी. आज आपण म्हणतो, 'हा काही छळामुळे आलेला नाही, चांगल्या आयुष्यासाठी आलाय.' अहो, दोन्ही असू शकतं ना! जळत्या घरातून पळणाऱ्याने बरं घर शोधलं म्हणून आग खोटी ठरत नाही.

दुसरी गोष्ट तो सुग्रीवाला विचारतो की समजा हा दुष्टच निघाला, तर माझं काय वाकडं करणार आहे? आणि मग कबुतराची कथा सांगतो. ज्या पारध्याने मादीला धरलं, तोच आसऱ्याला आला, तेव्हा कबुतराने स्वतःचं मांस देऊन त्याचा पाहुणचार केला. यानंतर रामाचं ते प्रसिद्ध व्रत येतं : एकदा जरी कोणी तुझा आहे म्हणून शरण आला तरी त्याला अभय. विभीषण असो, की खुद्द रावण असो.

नीट पाहिलं तर 'विभीषण खरं बोलतोय' असं राम कुठेही जाहीर करत नाही. तो म्हणतो, विभीषण सुरक्षित राहील. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याचं मन मला वाचता येणार नाही, हे मान्य करूनच त्याला ठरवायचं आहे की दोन चुकांपैकी कोणती चूक मी पत्करीन. खोट्याला आत घेण्याची, की खऱ्याला बाहेर ढकलण्याची?

या दोन चुकांमध्ये एक फरक आहे, आणि मला आजच्या वाचनात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिली चूक कधी ना कधी उघडी पडते. खोटा निघालेला माणूस पकडला जातो, बातमी होते, कचेरी शहाणी होते, पुढचा अधिकारी जास्त संशयी होतो. दुसरी चूक परत येत नाही. ज्याला खोटा ठरवून विमानात बसवलं, तो तिथे तुरुंगात गेला की मारला गेला, हे त्या कचेरीला बहुधा कधीच कळत नाही. त्याची फाइल 'निकाली' म्हणून बंद होते, आणि कागदावर तो निर्णय बरोबरच दिसत राहतो. ज्या यंत्रणेला एकाच प्रकारची चूक दिसते, ती दरवर्षी त्याच दिशेला झुकत जाणार. कोणी दुष्ट असायची गरजच नाही. पंचवटीच्या दारात खोटा संन्यासी आला म्हणून रामायण घडलं. सीतेने त्या दिवशी एखाद्या खऱ्या उपाशी संन्याशाला हाकललं असतं, तर त्याची कथा कोणी लिहिली असती? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला संन्यासी तक्रार करायला उरत नाही.

ही दुसरी चूक दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी आधीच नियम बांधून ठेवावा लागतो. रामाचं व्रत हा तसा नियम आहे. माणसांनी केलेल्या कायद्यातही त्याचा अंश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटलंय की अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला असेल, कहाणी सुसंगत असेल आणि माहीत असलेल्या गोष्टींच्या विरुद्ध जात नसेल, तर संशयाचा फायदा त्याला द्यावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मान्य केलं की छळाची शक्यता दहात एक इतकी असली तरी भीती साधार असू शकते. ब्रिटन मात्र २०२२ च्या कायद्याने उलट वळलं. भीती खरोखर आहे आणि ती करारातल्या कारणांशी जोडलेली आहे, हे आता 'खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त' या मापाने दाखवावं लागतं. काटा एका बाजूला सरकला की कोणत्या चुका वाढतील हे सांगायला ज्योतिषी नको.

कोणी म्हणेल, रामाला हे परवडतं. बोटाच्या टोकाने राक्षस संपवीन असं तो म्हणू शकतो, एखादा देश कसं म्हणेल? आक्षेप खरा आहे. कायदा रामाइतका मोकळाही नाही. युद्धगुन्हे केलेल्यांना निर्वासित करारच बाहेर ठेवतो, तिथे रावणाला जागा नाही. पण रामाचा प्रश्न आपण स्वतःला तरी प्रामाणिकपणे विचारावा : हा माणूस खोटा निघाला तर माझं नेमकं काय जाईल, आणि खरा असून मी त्याला परत पाठवलं तर त्याचं काय जाईल? बहुतेक वेळा एका पारड्यात थोडे पैसे आणि थोडा त्रास असतो, दुसऱ्यात एक जीव.

शेवटी क्रम बघा. अभय मिळाल्यावर विभीषण खाली उतरतो, पायांवर डोकं ठेवतो. त्यानंतर राम त्याला लंकेचं बळ किती, दोष कोणते, ते विचारतो. चौकशी टळली नाही, ती अभयाच्या नंतर आली. भीती गेली की माणूस नीट सांगतो. आणि पुढे २५ व्या सर्गात रावणाचे खरे हेर येतात, शुक आणि सारण. ते आसरा मागत नाहीत, वानरांची रूपं घेऊन गर्दीत मिसळतात. त्यांना ओळखतो कोण? विभीषण. ज्याला हेर म्हणून मारायचं चाललं होतं, त्यानेच हेर पकडून दिले.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या टेबलावर निर्वासितांच्या फाइली येतात. पण दारात कोणीतरी येतंच. कामवाल्या मावशी ॲडव्हान्स मागतात, ऑफिसमधला नवा मुलगा तिसऱ्यांदा रजा मागतो, नात्यातली मुलगी सासरबद्दल काहीतरी अर्धवट सांगते आणि गप्प होते. आपण लगेच तारखा जुळवायला बसतो. आज एवढंच करू. समोरच्याच्या कहाणीतली फट शोधण्याआधी स्वतःला विचारू, की माझी चूक झाली तर ती मला कधी कळेल का? जी चूक मला कधीच कळणार नाही, तिच्याबाबत जास्त जपू.

उद्या सर्ग २० : रावणाचा दूत शुक पहिल्यांदा येतो, आणि वानरांच्या हातून त्याला राम कसा वाचवतो ते पाहू.

॥ श्रीराम समर्थ ॥